नळकांड्यातला पंखा : घरी बांधलेल्या विमानाचे खरे-खोटे गणित

विमान म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या विमानतळावर उतरणारे भलेमोठे जेट येते. ते बांधायला हजारो माणसांचा कारखाना लागतो. पण जगात अशीही हजारो माणसे आहेत, जी आपले एक-दोन माणसांचे छोटे विमान स्वतःच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने बांधतात. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात अशा हौशी लोकांची एक संघटना काढली. या संघटनेचा मेळा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरत आला आहे. विमानाचे निम्म्याहून जास्त काम शिकण्याच्या किंवा हौसेच्या हेतूने स्वतः केले असेल, तर तिथला कायदा त्या विमानाला वेगळ्या वर्गात बसवतो. या मंडळींत सुतार आहेत, वेल्डर आहेत, मोटार मेकॅनिक आहेत, शाळामास्तरही आहेत.

हा विषय आपल्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्या वाचकांत फिटर, टर्नर, वेल्डर आणि वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरात यंत्राचे वेड असलेली मुलेही आहेत. ही मुले आज मोबाइलवर घरगुती उडत्या यंत्रांची चित्रे पाहतात आणि मोटारसायकलचे इंजिन डोळ्यांपुढे आणतात. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात एका तरुण कारागिराचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला. शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्या पंख्याचा तडाखा त्याला बसला, अशी बातमी होती. हात कुशल होते, हिंमत होती. पण काम तपासायला शेजारी जाणकार माणूस नव्हता. म्हणून या लेखात आम्ही घरगुती विमानातली एकच गोष्ट घेऊन ती नीट उलगडणार आहोत. ती म्हणजे नळकांड्यातला पंखा. इंग्रजीत त्याला डक्टेड फॅन म्हणतात. पंख्याभोवती नुसते आखूड कडे असेल तर श्राउडेड प्रोपेलर म्हणतात. तत्त्व दोघांचे एकच.

आपण तो पाहिलेला आहे

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन गोल कड्यात बसवलेला असतो. ट्रकच्या रेडिएटरमागच्या पंख्याभोवतीही पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे असते. ते फुटले की गाडी चढावर तापू लागते, हे ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. जुहूच्या तळावरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी पवनहंसची डॉफिन हेलिकॉप्टरे मुंबईकरांनी पाहिली आहेत. त्यांच्या शेपटीत एक गोल भोक असून छोटा पंखा त्या भोकातच फिरतो. बंदरातली मोठी जहाजे ओढणाऱ्या अनेक टगबोटींचा पाण्याखालचा पंखाही अशाच कड्यात असतो. जर्मनीच्या लुडविग कोर्ट यांच्या नावावरून त्याला कोर्ट नोझल म्हणतात. ही सारी ठिकाणे आठवणीत ठेवा. त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे, ती पुढे येईल.

कड्याने होते काय?

उघडा पंखा पुढची हवा ओढतो आणि मागे फेकतो. मागे गेलेला हवेचा झोत पंख्याएवढा रुंद राहत नाही, तो आकसतो. विमान जागेवर उभे असताना हा झोत आकसत आकसत पंख्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यावर येतो. पाण्याच्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, पण बादली भरायला वेळ लागतो. तसेच इथे होते. थोडी हवा फार जोराने फेकण्यात इंजिनाची ताकद वाया जाते. पुष्कळ हवा बेताने फेकली तर त्याच ताकदीत जास्त रेटा मिळतो.

पंख्याभोवती नीट घडवलेले नळकांडे बसवले की झोताला आकसता येत नाही. तो पंख्याएवढाच रुंद बाहेर पडतो. गणिताने याचा हिशेब असा येतो की, तेच इंजिन आणि तेवढ्याच व्यासाचा पंखा असेल, तर जागेवर उभे असताना नळकांड्यातल्या पंख्याचा रेटा सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. हा आदर्श आकडा आहे. प्रत्यक्षात घर्षणाने आणि फटींमुळे तो कमी भरतो.

हा जादा रेटा येतो कुठून? तो पात्यांतून येत नाही, नळकांड्याच्या ओठातून येतो. नळकांड्याची पुढची कड गोलसर, तुतारीच्या तोंडासारखी बाहेर वळलेली हवी. त्या गोलाईवरून हवा वेगाने आत शिरते, तिथला दाब कमी होतो आणि ओठ पुढे ओढला जातो. आदर्श स्थितीत एकूण रेट्यापैकी निम्मा पाती देतात आणि निम्मा नळकांडे देते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कड धारदार ठेवली तर हवा तिथे फाटते आणि फायदा जातो. दुसरी, नळकांडे चार तारांनी लटकवून भागत नाही. निम्मा रेटा त्याच्यावरच येणार, तेव्हा ते विमानाच्या सांगाड्याला भक्कम जोडलेले हवे.

पंख्याचा व्यास

आता खरा हिशेब करू. समजा, ५० अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि दीड मीटर व्यासाचा उघडा पंखा आहे. आदर्श गणिताने जागेवरचा रेटा साधारण १८५ किलो येतो. त्याच पंख्याला नळकांडे घातले तर तो २३४ किलोच्या आसपास जातो. वाचणारा म्हणेल, मग प्रश्नच मिटला.

मिटत नाही. कारण दीड मीटर व्यासाचे नळकांडे छोट्या विमानावर बसवायचे कुठे? ते जड होते, जमिनीला लागते, हवेला अडवते. म्हणून हौशी माणूस पंखाच लहान करतो. व्यास निम्मा, म्हणजे ७५ सेंटिमीटर केला, तर नळकांडे असूनही रेटा १४७ किलोच्या आसपास उतरतो. म्हणजे दीड मीटरच्या साध्या उघड्या पंख्यापेक्षाही कमी! दीड मीटरच्या उघड्या पंख्याची बरोबरी करायला नळकांड्यातला पंखा निदान एक मीटर सहा सेंटिमीटरचा लागतो. हा आकडा यंत्रवेड्या मुलाने भिंतीवर लिहून ठेवावा. नळकांड्याने मोठ्या पंख्याची उणीव थोडीशी भरून निघते, सगळी निघत नाही.

शिवाय हे सारे गणित विमान उभे असतानाचे आहे. विमान वेगात आले की पंख्याला हवा आयतीच समोरून येते, झोत मुळातच कमी आकसतो आणि नळकांड्याचा फायदा घटत जातो. उलट नळकांड्याला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. म्हणजे एका ठरावीक वेगानंतर नळकांडे मदत करायचे सोडून ओझे होते.

आता वरची यादी पुन्हा पाहा. टगबोट, एक्झॉस्ट फॅन, रेडिएटर, हेलिकॉप्टरची शेपटी. सगळीकडे पंखा जागेवर किंवा संथ गतीत जोर लावतो, किंवा त्याला जागा अपुरी असते. पाण्यावरून आणि चिखलावरून हवेच्या गादीवर सरकणाऱ्या हॉवरक्राफ्टवरही म्हणूनच कड्यातले पंखे असतात. आपल्या तटरक्षक दलाकडे अशी वाहने आहेत आणि इंग्लंडमध्ये हौशी लोक ती घरीही बांधतात. जिथे वेग कमी आणि रेटा जास्त हवा, तिथे हे कडे आपली किंमत वसूल करते.

ज्यांनी करून पाहिले

इटलीत लुईजी स्टिपा नावाच्या इंजिनिअराने संपूर्ण विमानच नळकांड्याचे केले. कॅप्रोनी कंपनीने बांधलेले हे विमान ७ ऑक्टोबर १९३२ रोजी उडाले. दिसायला उडते पिंपच. तोंडाशी १२० अश्वशक्तीचे इंजिन आणि पंखा, आणि विमानाचे पोट म्हणजे आरपार पोकळ नळी. गंमत अशी की ते खरोखरच चांगले उडाले. ताशी सुमारे ६८ किलोमीटर इतक्या कमी वेगात ते उतरू शके. इतके स्थिर होते की वळवायला जड जाई. पण सर्वात जास्त वेग १३१ किलोमीटरच्या आसपास थांबला. मोठ्या नळीने हवेला जो विरोध केला त्याने मिळालेला फायदा खाऊन टाकला. सरकारने पुढे त्यात रस घेतला नाही. २००१ साली ऑस्ट्रेलियात या विमानाची लहान प्रतिकृती बांधून तिच्या छोट्या उड्या घेण्यात आल्या. म्हणजे कल्पना खोटी नव्हती, तिची जागा मर्यादित होती.

१९५५ साली अमेरिकेत हिलर कंपनीने एक उडता चौथरा बनवला. खाली नळकांड्यात दोन उलटसुलट फिरणारे पंखे आणि वर उभा राहिलेला माणूस. तो स्थिर तरंगे. पण पुढे जाऊ लागला की समोरचा वारा नळकांड्याच्या ओठावर असा जोर करी की चौथरा मागे कलून थांबू बघे. ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटरच्या पलीकडे त्याची मजल गेली नाही. ओठाचा जो गुण उभ्या स्थितीत कामी येतो, तोच आडव्या वाऱ्यात आडवा येतो.

इंग्लंडमध्ये जॉन एजली यांनी ऑप्टिका नावाचे टेहळणीचे विमान काढले. ते १४ डिसेंबर १९७९ रोजी प्रथम उडाले. पुढे काचेचा घुमट आणि पाठीमागे नळकांड्यात पंखा. हळू उडायचे, खालचे नीट बघायचे, आवाज कमी करायचा, हेच त्याचे काम होते. नळकांड्याची निवड इथे बरोबर होती. तरी १९८५ साली पोलिसांच्या सेवेतील एक ऑप्टिका कोसळून आतले दोघे ठार झाले आणि त्याच वर्षी कंपनीही आर्थिक अडचणीत बुडाली. चांगली कल्पना असली तरी विमान हा महागडा आणि निष्ठुर धंदा आहे, हे यातून दिसते.

न्यूझीलंडच्या ग्लेन मार्टिन यांनी १९८० नंतरच्या दशकात गॅरेजमध्ये सुरू केलेले काम २००८ साली ऑशकॉशच्या मेळ्यात आणले. पाठीवर बांधल्यासारखे यंत्र आणि दोन्ही बाजूंना नळकांड्यातले दोन पंखे. जगभर त्याचे फोटो छापून आले. पण ते बाजारात सर्रास विकले जाण्याचा दिवस उजाडला नाही. पाव शतकाहून जास्त काळाचे ते कष्ट होते. फोटो पाहताना तो काळ दिसत नाही.

फटीचा हिशेब

नळकांड्याचा सगळा जीव पात्याचे टोक आणि भिंत यांमधल्या फटीत असतो. फट व्यासाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे एक मीटरच्या पंख्याला पाच मिलिमीटर. फट वाढली की टोकावरून हवा उलटी गळते आणि नळकांडे नुसते शोभेचे उरते.

पाच मिलिमीटर म्हणजे काय, हे आमच्या टर्नर बांधवांना कळेल. इंजिन रबरी माउंटिंगवर थरथरते. पाती वेगात ताणली जातात. उन्हात नळकांडे तापते, उतरताना चाक आपटले की सांगाडा लवतो. हे सगळे होऊनही पाते भिंतीला घासता कामा नये. घासले तर पाते तुटते. नळकांडे पूर्ण गोल राहील इतके ताठ हवे, आणि ताठ करायचे तर वजन वाढते. हौशी माणूस इथेच अडकतो. शेवटी भीतीपोटी फट दोन-तीन सेंटिमीटर ठेवतो आणि म्हणतो, नळकांड्यात काही अर्थ नाही.

लहान पंखा जोराने फिरवावा लागतो, ही आणखी एक अडचण. एक मीटरचा पंखा मिनिटाला ५००० फेरे घेऊ लागला तर टोकाचा वेग सेकंदाला २६२ मीटर होतो. आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर. त्याच्या जवळ गेले की गोंगाट वाढतो आणि ताकद वाया जाते. नळकांडे आवाज कमी करते हे खरे, पण पात्यांच्या अगदी मागे जाड आधारदांड्या लावल्या तर पंखा भोंग्यासारखा ओरडतो.

तुटलेले पाते आणि नळकांडे

आता सर्वात महत्त्वाचे. पुष्कळांचा समज असा की पंखा कड्यात आहे म्हणजे तो सुरक्षित आहे. अर्धे खरे आहे. जमिनीवर चालणाऱ्या माणसाचा हात, लहान मूल किंवा गाय पात्यात सापडण्याचा धोका कमी होतो. पण पाते तुटले तर?

हिशेब करू. पाते केवळ २०० ग्रॅमचे आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य आसापासून ३० सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ते पाते बाहेरच्या बाजूस सुमारे ६०० किलोच्या जोराने ओढत असते. म्हणजे पाण्याने भरलेले दोनशे लिटरचे तीन ड्रम एका बोल्टवर टांगल्यासारखे. ५००० फेऱ्यांना हाच जोर १६७० किलोच्या घरात जातो. वेल्डिंगमध्ये एक बारीक चीर, बोल्ट साध्या पोलादाचा, लाकडात एक गाठ, एवढे पुरे. आपण बसतो त्या प्रवासी जेटच्या इंजिनात तुटलेले पाते आतच अडवेल असे जाड कवच असते आणि मुद्दाम पाते तोडून त्याची परीक्षा घेतली जाते. घरी बनवलेले फायबरचे पातळ कडे असे काही अडवत नाही. उलट त्याचे तुकडेही उडतात.

म्हणून घरच्यांनी एक नियम कायमचा पाळावा. फिरत्या पंख्याच्या पातळीत, म्हणजे पाती ज्या वर्तुळात फिरतात त्याच्या बाजूला, कोणीही उभे राहायचे नाही. इंजिन चालू करताना यंत्र जमिनीला जखडलेले हवे, माणूस त्यात बसलेला नको आणि बंद करण्याचा स्विच लांब हवा. हेल्मेट घातले म्हणून हा नियम सुटत नाही.

मग मुलाला काय सांगावे?

नको म्हणू नये. मुंबईचेच उदाहरण आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. पण ते स्वतः शिकलेले वैमानिक होते, ही गोष्ट विसरू नये. त्यांच्या विमानाला पुढे साधा उघडा पंखा आहे, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या देशात माणूस बसणारे कोणतेही विमान हवेत न्यायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. शेतात गुपचूप चाचणी घेणे गुन्हाही ठरेल आणि जिवावरही बेतेल. ज्याला विमानाचेच काम करायचे आहे, त्याने बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. फी लाखांत असते, म्हणून कर्ज काढण्यापूर्वी ती संस्था महासंचालनालयाच्या मान्यतेच्या यादीत आहे की नाही, हे आईवडिलांनी स्वतः तपासावे. एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

आणि तोपर्यंत घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. खेळण्यातली बॅटरीची छोटी मोटर आणि मऊ प्लास्टिकचा पंखा घ्या. तो वरच्या बाजूला हवा फेकेल असा, वीतभर उंच हलक्या स्टँडवर बसवा. स्टँड स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. मोटर चालू करा. काटा जितके ग्रॅम जादा दाखवील तितका पंख्याचा रेटा. आता पुठ्ठ्याचे कडे त्याच स्टँडला पक्के जोडा, काटा पुन्हा शून्यावर आणा आणि फरक लिहा. मग हवा आत शिरते त्या खालच्या कडेला उभी चिरलेली रबरी नळी चढवून ती गोल करा आणि पुन्हा मोजा. शेवटी फट कमी-जास्त करून पाहा. बॅटरी दर वेळी सारखीच भरलेली असू द्या, नाहीतर तुलना फसते. काही वेळा कडे लावल्यावर आकडा घटेलही. तो का घटला हे मुलाने शोधून काढले, तर त्या दिवशी तो या विषयातला पहिला धडा शिकला असे समजावे.

वडील फिटर असोत की आई शिवणकाम करणारी असो, मोजमाप त्यांना ठाऊक असते. मुलाने उडत्या यंत्राची गोष्ट काढली की त्याला तीन प्रश्न विचारा. रेटा किती किलो मोजलास? पात्यावर जोर किती येतो, तो हिशेब कुठे लिहिलास? आणि तुझे काम तुझ्याशिवाय कोणी तपासले? तिन्ही उत्तरे कागदावर येईपर्यंत इंजिनाला हात लावू देऊ नका. आणि ती आली, तर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहा.